बिल्ल्याची मागची बाजू

माझा नवरा वाळूत उताणा पडला होता आणि त्याचं डोकं दुसऱ्या बाईच्या मांडीवर होतं.

मी आधी मांडी बघितली. मग त्याचं तोंड बघितलं. हे उलटं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण झालं तसंच.

तिने त्याच्या शर्टाची बटणं काढली होती. बाटलीतलं पाणी त्याच्या छातीवर ओतलं होतं आणि आपल्या टोपीने ती त्याला वारा घालत होती. त्याचं तोंड लालभडक झालं होतं. कातडी कोरडी, घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. शेजारी त्याचं मशीन पडलं होतं, ते अजून चालू होतं.

"उठा मॅडम, मी बसते," मी म्हटलं.

"हलवू नका त्यांना. भाभी, पेटीतला बर्फ आणा. सगळा आणा."

माझे गुडघे असे की मी तिथवर पोचले हेच खूप. बर्फ दुसऱ्या कोणी तरी धावत आणला. तिने तो रुमालात बांधून त्याच्या काखेत ठेवला, मानेला लावला. मला जागा उरली ती पायांकडे. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती आणि मी त्याचे बूट काढत बसले होते.

तोंडावर मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते. इथे 'तो' लिहिते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, मान देत बसले तर सांगायचं तेच राहून जाईल.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. तो दुबईपासून लांब, खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवायचा. मी दुबईत, करामामध्ये युनिफॉर्म शिवणाऱ्या एका दुकानात होते. मुलाची शाळा दुबईत, म्हणून मुलगा नि मी इकडे, तो तिकडे. आठवड्यातून एक दिवस यायचा, जेवायचा, झोपायचा, परत बस धरायचा. सव्वीस वर्षं असंच चाललं. मी मनात धरून होते की हा एकदा कामावरून सुटला की माझ्याजवळ बसेल. बसून काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नुसता बसला असता तरी चाललं असतं.

सुटला. आम्ही मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो. दिवसभर सोफ्यावर बसून टीव्हीवर बातम्या बघतो म्हणून मुलाने त्याला जमिनीतला धातू शोधायचं मशीन आणून दिलं. "अब्बा, चालणं तरी होईल." लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. थाळीखाली लोखंड-पितळ आलं की कानात आवाज येतो. पहिले चार महिने थंड पेयांच्या डब्यांची झाकणं आणली. झाकणांचा मला त्रास नव्हता.

मग त्याला ग्रुप मिळाला. आठदहा जण, सगळे असेच मशीनवाले. जिथे परवानगी आहे तिथेच जायचं, पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, काही जुनं सापडलं तर म्युझियमच्या साहेबाला कळवायचं, असे त्यांचे नियम. हे नियम करणारी ती मॅडम. पुण्याची, इथल्या शाळेत इतिहास शिकवायची, आता घरी. नवरा वारलेला. केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला भिंग. सापडलेलं बटण कुठल्या पलटणीचं, बिल्ला कुठल्या पोलिसांचा, ते ती पुस्तकात नि कॉम्प्युटरवर चित्रं बघून सांगायची. लोक तिला मानायचे. माझा नवरा तर जास्तच.

घरात आमची कोकणी. तिच्यासमोर हा पुस्तकातलं मराठी बोलायचा. एकदा जेवताना मला म्हणतो, "निरीक्षण महत्त्वाचं असतं."

"भात वाढू की निरीक्षण?" मी विचारलं.

नात हसली आणि म्हणाली, "दादी, इट्स जस्ट अ हॉबी." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्लिशमध्ये येतं.

आठवड्यातून दोनदा हा सापडलेल्या बटणा-बिल्ल्यांच्या पुड्या खिशात घालून मेट्रोने निघायचा. मॅडम राहायची करामाला. माझ्या करामाला. ज्या दुकानात मी माझे डोळे घालवले त्या दुकानापासून तिसरी गल्ली. मी तिथे होते तेव्हा त्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळायची. आता दोन मिळत होत्या.

मला खरं काय खुपत होतं तेही लिहिते. ते दोघं काही वावगं करतील असं मला वाटलं नाही. दोघांची वयं बघा. खुपत होतं ते हे, की मी सव्वीस वर्षं बिल्लेच शिवले होते. सिक्युरिटीवाले, जहाजावरचे खलाशी, हॉटेलचे वेटर, शाळांचे ड्रायव्हर. खांद्याच्या पट्ट्या, बाहीवरचे पट्टे, टोपीचे बिल्ले, पितळी बटणं. शिवणारीचं काम सगळं मागच्या बाजूने. मागे दोन कड्या असल्या तर कापडाला भोकं पाडून आतून पिन घालायची. लांब पट्टी असली तर ती टोपीच्या खाचेत सरकते. स्क्रू असला तर आतून चकती लावायची. बिल्ला पुढून काय म्हणतो ते मला वाचता येत नव्हतं, पण मागून बघून तो कुणाच्या अंगावर कसा बसायचा ते मी सांगितलं असतं. त्याने कधी विचारलं नाही. बिल्ले शिवणारी बाई घरात बसलेली, आणि हा बिल्ले ओळखायला तिकीट काढून जात होता.

मार्चमध्ये त्याला तो मोठा बिल्ला सापडला. घरात शिरला तोच ओरडत, बुटांतली वाळू दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सांडत.

"आयकलंस काय गो? बघ, बघ. हात नको लावू, नुसता बघ."

तळहाताएवढा बिल्ला, हिरवा पडलेला. पुढे दोन वाकडे खंजीर एकमेकांवर, वर ससाणा, खाली अक्षरं, पण मिठाने खाल्लेली. मागची बाजू वाळूने दगडासारखी भरलेली.

"मॅडमना फोटो पाठवला," तो म्हणाला. "त्या म्हणतात, इंग्रजांच्या वेळची इथे वाळवंटात गस्त घालणारी पलटण होती, तिच्या अधिकाऱ्याचा असणार. साठ-सत्तर वर्षं वाळूत होता! कोण असेल गो तो? वाट चुकून मेला असेल काय?"

"मला काय ठाऊक. मॅडमना विचारा."

"विचारलं. त्या शोधतायत." टोमणा त्याला कळलाच नाही. "आणि हे बघ, धुवायचा नाही. मॅडमनी सांगितलंय. पाणीसुद्धा लावायचं नाही."

त्या रात्री त्याने गावी भावाला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मशिदीतून येताना दोघांना घरी घेऊन आला, बिल्ला दाखवायला. चहा मी केला. पाहुण्यांसमोर त्या मेलेल्या अधिकाऱ्याला त्याने घोडाही दिला.

मग तो करामाला गेला तेव्हा बिल्ला घरीच होता, खिशात घासेल म्हणून कपाटात, कापसात. मी तो काढला, चिंच कोळली, मीठ घातलं आणि त्यात तो ठेवला. आमच्याकडे ईदच्या आधी तांब्या-पितळेची भांडी अशीच निघतात. मला तो धुवायचाच होता, कारण तिने धुवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. दुसरं कारण नव्हतं. एवढीच अक्कल ठेवली की पुढची बाजू वर राहील असा वाडग्यात टेकवला. बुडली ती मागची बाजू.

अर्ध्या तासाने वाळू सुटली. खाली दोन काटे निघाले. पितळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही पकडीने आत वळवलेले. आणि काट्यांना गुंडाळून तंगूस. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा धागा, तो कुजत नाही. तंगुसाला गाठ होती. जाळ्याची गाठ.

मी खुर्ची ओढून बसले.

माझा बाप मासे मारायचा. जाळं फाटलं की आम्ही पोरी अंगणात बसून गाठी मारायचो. पुढे करामाच्या दुकानात एकदा एका मोठ्या हॉटेलचे युनिफॉर्म आले होते, दरवाजा उघडायला उभे करतात त्या माणसांचे. जुन्या शिपायांसारखा वेश, लाल कोट, टोपीवर हाच बिल्ला. खंजीर, ससाणा. त्याच्या काट्यांना मागून चिमट्याच्या चकत्या यायच्या, त्या धुलाईत निघून पडायच्या. काटे डोक्याला टोचायचे. मालक वैतागला, तेव्हा मी म्हटलं, काटे वळवते आणि तंगुसाने बांधते. दीडशे टोप्या मी तशा बांधल्या. अख्ख्या दुबईत बिल्ला जाळ्याच्या गाठीने बांधणारी मी एकटी. बाकीचे शिंपी हसायचे, "खाला मछली पकडती है." त्या हॉटेलचा वाळवंटात पर्यटकांसाठी जेवणाचा तंबू होता. तिथे दरवान उभे असायचे. एखाद्याची टोपी उडाली असेल. अधिकारी नाही, घोडा नाही, कोणी वाट चुकून मेलं नाही.

आता मी काय करायला हवं होतं ते मला कळतं, तेव्हाही कळत होतं. तो घरी आल्यावर सांगायचं. तो थोडा खट्टू झाला असता, मग हसला असता. कदाचित बाकीचे बिल्लेही मला दाखवले असते.

मी बिल्ला पुसला, बारीक वाळू ओली करून मागे परत थापली, सुकवला आणि कापसात ठेवला. तीन आठवडे गप्प राहिले. मला ती बाई तोंडावर पडायला हवी होती, आणि सगळ्यांसमोर. तो रोज बिल्ल्याबद्दल बोलायचा आणि मी "हो का" म्हणायचे. त्या तीन आठवड्यांत माझं जेवण चांगलं जात होतं. झोपही लागत होती.

हंगामाची शेवटची फेरी होती. त्यानंतर ऊन वाढतं म्हणून ग्रुप बंद ठेवतात. मी म्हटलं, मीही येते. तो इतका खूश झाला की मला राग आला. वाटभर गाडीत मला दाखवत होता, तिकडे हे सापडलं, तिकडे ते सापडलं. "तुला आधीच आणायला हवी होती," म्हणाला. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दहा वाजत आले होते. सगळे वाळूत उभारलेल्या कापडी छताखाली बसले होते, थर्मासमधला चहा चालू होता. मॅडमने पांढरा रुमाल अंथरून त्यावर बिल्ला ठेवला. म्युझियमच्या साहेबाला ती पत्र लिहिणार होती, ते तिने वाचून दाखवलं. पत्रात माझ्या नवऱ्याचं नाव होतं. तो मान खाली घालून ऐकत होता, नवरदेवासारखा.

"हॉटेलच्या दरवानाचा आहे," मी म्हटलं.

"काय म्हणालात भाभी?"

"दार उघडणाऱ्याचा. टोपीवर मीच बांधलाय. उलटा करा. वाळू नखाने निघेल, मी नुसती थापलीय."

तिने उलटा केला. वाळू निघाली. काटे, तंगूस, गाठ. मी गाठ कशी मारतात ते पिशवीच्या दोरीवर मारून दाखवलं. ग्रुपमधला एक केरळी म्हातारा, त्याचीच जीप होती, तो आधी हसला. "खलास! कर्नल साहब डोरमॅन निकला!" मग सगळे हसले. मॅडमचं तोंड उतरलं. तिने भिंग लावून गाठ बघितली आणि म्हणाली, "मागची बाजू मी बघायला हवी होती. चुकलं माझं." सरळ म्हणाली. मला वाटलं होतं ती भांडेल.

नवरा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"झाले तीन आठवडे."

"तीन आठवडे," तो म्हणाला. एवढंच. उठला, मशीन घेतलं, हेडफोन कानाला लावले आणि टेकडीपलीकडे चालू लागला. टोपी खुर्चीवर राहिली, पाण्याची बाटलीही.

"भाभी, घरी सांगितलं असतंत तर?" मॅडम हळूच म्हणाली.

"घरी तुम्ही नव्हता."

मी जीपमध्ये जाऊन बसले. एसी चालू होता. मी जिंकले होते, आणि कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. अर्धा तास गेला, वर आणखी थोडा. लोक सामान आवरायला लागले. मॅडम खिडकीशी आली.

"भाई कुठे आहेत?"

"येईल. भूक लागली की येतो."

"डोक्यावर टोपी नाही त्यांच्या."

"लहान आहे का तो?"

तिने पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि टेकडीकडे गेली. मी तिला जाताना काचेतून बघत होते. मला वाटलं, बघा, गेली त्याला समजवायला. उठून मागे जायचं माझ्या मनात आलं, पण ते तिला अडवायला. त्याला शोधायला नाही. उठलेही नाही. मग तिची हाक आली.

पुढचं मी वर लिहिलंय.

जीप टेकडीजवळ आणली. चौघांनी त्याला उचलून मागे ठेवला. मागची पायरी उंच, माझा गुडघा चढेना. मॅडम चढली आणि तिने त्याचं डोकं धरलं. मी पुढे बसले, ड्रायव्हरशेजारी, आणि आरशातून बघत राहिले. तिला त्याच्या गालांवर चापट्या मारताना बघितलं. "भाई, डोळे उघडा. भाई, माझं ऐका." वाळूतून डांबरी रस्त्यापर्यंत वीस मिनिटं. तिथे फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स उभी होती. त्यातल्या माणसाने विचारलं, "वाइफ कौन?" मॅडमने माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन पावलं मागे सरकली. तिचा सगळा पदर... पदर नव्हता, पँट-शर्ट होता, तो पाण्याने आणि वाळूने भरला होता. मी ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसले.

हॉस्पिटलमध्ये मुलगा आला. रात्रीपर्यंत कोणी काही नक्की सांगेना. उन्हाने मूत्रपिंडाला धक्का, हृदयालाही. डॉक्टर केरळची पोरगी होती. तिने विचारलं, "इनको ठंडा किसने किया? बर्फ किसने लगाया? बहुत सही किया. और थोड़ी देर होती तो..." तिने हात हलवला.

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, मी.

"मैंने नहीं," मी म्हटलं. "दूसरी औरत थी."

मग मुलाला सगळं सांगितलं. चिंच, तीन आठवडे, सगळं. तो म्हणाला, "अम्मी, तुला काय हवं होतं?" इतक्या वर्षांची गोष्ट हॉस्पिटलच्या बाकावर काय सांगायची.

आठव्या दिवशी त्याला घरी आणलं. सहा-सात दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. पाणी, गोळी, पंखा. मी माफी मागितली नाही. आम्हा दोघांनाही त्याची सवय नाही. मग एका दुपारी मॅडम आली, संत्री घेऊन. मी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. दोघं बाहेरच्या खोलीत हळू बोलत होते आणि मी आतून ऐकत होते, ऐकू येईना म्हणून नळ बंद करून ऐकत होते. तेवढ्यात त्याची हाक आली.

"काय गो, इकडे ये जरा."

त्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. त्याच्या सगळ्या सापडलेल्या वस्तू त्यात होत्या. "हे बटण मॅडमना कळत नाही," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी उलटं केलं. जहाजाच्या कारकुनाचं होतं, कोटाच्या बाहीचं. तसं सांगितलं. मॅडमने वहीत लिहून घेतलं. मग दुसरं दिलं.

ती आता महिन्यातून एकदा येते. पुढची बाजू ती बघते, मागची मी. ती मला अजून आवडत नाही. ती त्याच्याशी बोलताना तो मान जरा तिरकी करतो, ते मला अजून दिसतं, आणि दिसलं की चहात साखर कमी पडते. डॉक्टरने त्याला उन्हात जायला बंदी केलीय, मशीन माळ्यावर आहे.

तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्या उन्हातून तो वाचला. त्याला वाचवलं ते तिने.